शुक्रवारची बटणं

आमच्या घरात दर शुक्रवारी सकाळी पावणेनऊला सगळी बटणं बंद होतात. फ्रिज, टीव्ही, मिक्सर, विहिरीवरचा पंप आणि सगळ्यात शेवटी माझा कॉम्प्युटर. नऊ वाजता दुरुस्तीच्या कामासाठी आमच्या आगाशी गावाची लाईट जाते. ती कधी बाराला येते, कधी दोनला, आणि एकदा तर देवापुढे दिवा लावायच्या वेळेला आली होती. बटणं बंद करायचं हे काम माझ्या सासऱ्यांचं. याच बटणांपायी मी त्यांच्यावर ओरडले, कॉम्प्युटरच्या दुकानदाराशी भांडले, ऑफिसात खोटं बोलले आणि शेवटी स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. आता सगळं मार्गी लागलंय म्हणून हसत सांगता येतं. तेव्हा तोंडचं पाणी पळालं होतं.

मी इमारतींच्या सांगाड्याची ड्रॉइंग करते. कुठल्या खांबात किती जाडीच्या सळ्या, कुठली तुळई कुठे टेकते, असलं सगळं. पूर्वी हे कागदावर व्हायचं, आता अख्खी इमारत कॉम्प्युटरमध्ये उभी करावी लागते. या कामासाठी वीस वर्षं मी आगाशीहून अंधेरीला जात-येत होते. मागच्या वर्षी सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय अधू झाला, जीभ जड झाली. सासूबाई आधीच गेलेल्या. नवरा बोईसरला कारखान्यात पाळीवर, मुलगी पुण्याला शिकायला. दिवसभर घरी कोण राहणार, यावर आमची रोज जेवताना चर्चा व्हायची आणि रोज ती ताक-भातापर्यंत येऊन अर्धवट सुटायची.

एक बाई ठेवून पाहिली. ती वाईट नव्हती, पण त्यांच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलायची. "आजोबा, शहाणे ना तुम्ही? मग तोंड उघडा बघू." पन्नास वर्षं पानवेलीची वाडी सांभाळलेला माणूस. त्यांनी तोंड मिटलं ते संध्याकाळी मी घरी येईपर्यंत. चौथ्या दिवशी मी आमच्या विभागाच्या मॅडमसमोर जाऊन उभी राहिले आणि घरून काम करू द्या म्हटलं. मॅडम सरळ बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "तीन महिने बघू. मशीन तुझं, इंटरनेट तुझं. काम अडता कामा नये. अडलं, तर पहिल्यासारखं ऑफिसला यायचं. मला वर उत्तर द्यावं लागतं." मी लगेच हो म्हणून टाकलं. दुसरं काय म्हणणार होते? काम अडलं असतं तर परत बाई, परत मिटलेलं तोंड.

मशीन म्हणजे लॉकडाऊनमध्ये लेकीच्या कॉलेजसाठी विरारच्या एका दुकानातून जोडून घेतलेला कॉम्प्युटर. माझ्या कामाला तो कमी पडणार होता, म्हणून त्याच दुकानदाराला बोलावून आत नवा, ताकदवान प्रोसेसर टाकून घेतला. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, एवढं मला ठाऊक होतं. जुन्या डोक्यात नवा मेंदू बसवल्यावर काय काय होऊ शकतं, हे मात्र पुढे कळलं.

पहिले काही दिवस सुखाचे गेले. सासऱ्यांची खुर्ची मी माझ्या टेबलाशेजारी, खिडकीपाशी ठेवली. तिथून त्यांना केळी दिसायच्या, पानवेलींचा मांडव दिसायचा आणि मी दिसायचे. त्यांना व्यायाम शिकवायला येणारे डॉक्टर म्हणाले होते, की यांना घरातलं एखादं काम द्या, त्यांचं स्वतःचं, कुणी मदत न करता करायचं. द्यायची गरजच नव्हती. त्यांनी ते आधीच उचललेलं होतं.

फार वर्षांपूर्वी एकदा लाईट गेली आणि परत आली ती इतक्या जोरात, की विहिरीवरचा पंप जळाला, टीव्ही जळाला आणि ऐन हंगामात आठ दिवस वेलींना पाणी नाही मिळालं. तेव्हापासून त्यांचा नियम. लाईट जायच्या आधी घरातलं प्रत्येक बटण बंद. आली की लगेच काही लावायचं नाही. स्वयंपाकघरातला एक दिवा तेवढा लावायचा, त्याच्याकडे बघत उभं राहायचं. तो लुकलुकायचा थांबला, की मग एकेक सुरू. "लाईट बहू दे," ते म्हणायचे. बसू दे, असं. मी सांगलीकडची, लग्नानंतरची पहिली दोन वर्षं मला या घरातलं निम्मं बोलणं कळायचं नाही, पण हे वाक्य पहिल्या आठवड्यात पाठ झालं होतं.

झटका आल्यावरही त्यांनी ही फेरी सोडली नाही. डाव्या हातात काठी. बटणापाशी पोचलं की काठी भिंतीला टेकवायची, डाव्या हाताने बटण बंद करायचं, परत काठी घ्यायची. पाच बटणांना दहा-बारा मिनिटं लागायची. माझ्या कॉम्प्युटरला यूपीएस आहे, लाईट गेली तरी पंधरा मिनिटं चालतो. म्हटलं, बाबा, याला राहू द्या. त्यांनी मान हलवली. ते भिंतीवरचं बटण बंद करायचे आणि वाकून यूपीएसचंही. त्यातही वीजच, मग त्याला सवलत कशाला?

लाईट आली, बसली, की मी कॉम्प्युटर लावायचे. शुक्रवारी सुरू होताना तो एक काळं पान दाखवायचा. इंग्रजीत चार ओळी आणि खाली, एफ-वन दाबा नाहीतर एफ-टू दाबा. वर्षभर हे चाललेलं, ऑफिसातून येऊन संध्याकाळी लावायचे तेव्हापासून. सुरुवातीला एकदा मी एफ-वन दाबून पाहिलं, तर आकड्यांच्या आणि खुणांच्या कुठल्याशा पानावर जाऊन पडले, बाहेर यायची वाट सापडेना. एफ-टू दाबलं की गुमान सुरू व्हायचा. म्हणून एफ-टू. वरच्या चार ओळी मी कधी वाचल्या नाहीत. कॉम्प्युटर दिवसातून दहा वेळा काहीतरी विचारतो आणि आपण दहा वेळा हो म्हणतो, त्यातलंच हे अकरावं.

नवा प्रोसेसर आल्यावर तिसऱ्या आठवड्यात कॉम्प्युटर पहिल्यांदा कोलमडला. बारा मजली इमारत पडद्यावर फिरवून दाखवत होते, मॅडम आणि आणखी चौघं जण बघत होते, आणि एकाएकी सगळं निळं. त्यावर एक रडका चेहरा आणि खाली न कळणारा एक लांबलचक शब्द. मग काळोख, मग तो आपणहून परत सुरू. मी मीटिंगमध्ये परत शिरले आणि म्हटलं, "सॉरी, इंटरनेट गेलं." आमच्या भागात इंटरनेट जातंच, त्यामुळे कुणी शंका घेतली नाही. दुसऱ्यांदाही नाही घेतली. तिसऱ्यांदा मॅडम म्हणाल्या, "तुमच्याकडे इंटरनेट बरोबर मॉडेल फिरवतानाच जातं का गं?"

मग खरं सांगावं लागलं. ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळणारा माणूस आहे, त्याने लांबूनच माझ्या मशीनचा ताबा घेतला. त्याने छातीठोकपणे सांगितलं, ग्राफिक्सचा ड्रायव्हर बिघडलाय. पडद्यावर चित्र उमटवणारं कार्ड आणि बाकीचा कॉम्प्युटर यांचं एकमेकांशी जमवून देणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर, असं त्याने समजावलं. त्याने जुना काढून नवा टाकला. दोन दिवसांनी परत निळं. मग नवा काढून त्याच्या आधीचा टाकला. परत निळं, आणि आता पडदा मधूनच थरथरायलाही लागला. तो म्हणाला, विंडोज नवीन टाकून बघू. मी म्हटलं, तू आता हात काढ बाबा. मला राग पटकन येतो आणि तो आवाजात कळतो. सासरे खुर्चीतून माझ्याकडे बघत होते. मी फोन ठेवल्यावर त्यांनी डावा हात वर करून हळू, असं केलं.

मग दुकानदाराला बोलावलं. चाळिशीतला माणूस, विरारहून स्कूटरवर आला, शनिवारी. त्याने वायरी काढल्या, झाकण उघडलं, आतली धूळ उडवली. पंख्यामागे पालीची दोन अंडी निघाली, त्यांच्याकडे बघून तो म्हणाला, "मॅडम, हेच कारण असतं बघा." प्रोसेसर तापू नये म्हणून त्याच्यावर नवी पेस्ट लावली, झाकण लावलं, वायरी जोडल्या आणि हात धुवायला मोरीत गेला. मी हौसेने बटण दाबलं. ते काळं पान आलं. मी एफ-टू दाबलं. तो टॉवेलला हात पुसत आला तोवर सगळं सुरू झालेलं होतं. "झालं ना? मस्त!" तो म्हणाला. सोमवारी अकरा वाजता परत निळं.

मंगळवारी तो पुन्हा आला. या वेळी तो शांतपणे टेबलाशी बसला आणि त्याच आकड्यांच्या पानावर शिरला, ज्याला मी घाबरून होते. बराच वेळ वाचत होता. मग म्हणाला, "सापडलं. तुमचा हा आतला मुख्य बोर्ड जुना आहे ना मॅडम, तो मूळ सेटिंगमध्ये या नव्या प्रोसेसरला वाटेल तेवढी पॉवर खेचू देतो. जड काम आलं की हा सुसाट सुटतो आणि मग कोलमडतो. याला लगाम लावायला पाहिजे." त्याने चार-पाच जागी आकडे बदलले, मोबाइलवर त्या पानाचे फोटो काढून ठेवले. मग माझी बारा मजली इमारत उघडून तासभर गरागरा फिरवली. काही झालं नाही. ड्रायव्हरही त्याने मुळापासून साफ करून एकच चांगला टाकला आणि तो आपणहून बदलणार नाही अशी व्यवस्था केली. पडद्याची थरथर तिथेच थांबली. बुधवार नीट गेला. गुरुवारी मी इतकी खूश होते, की भर दुपारी शिरा केला. सासऱ्यांनी दोनदा घेतला.

शुक्रवारी तीन वाजता निळं.

त्या दिवशी मी फोनवर दुकानदाराला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तोही गप्प बसणारा नव्हता. "मॅडम, मंगळवारी तुमच्यासमोर तासभर चालवलाय. तुम्ही काहीतरी इन्स्टॉल केलंत." मी म्हटलं, काही नाही केलं. सोमवारी तो तणतणत आला, त्या पानावर शिरला आणि थबकला. मोबाइलमधला फोटो पडद्याशेजारी धरला. "मी लावलेलं सगळं परत पहिल्यासारखं झालंय. हे आपोआप होत नाही. घरात दुसरं कोण हात लावतं याला?"

मी कुणी नाही म्हणाले, पण म्हणताना माझी नजर खिडकीकडे गेली. खुर्चीतल्या सासऱ्यांनी ती बघितली.

त्याने आकडे परत लावले आणि गेला. माझ्या तीन महिन्यांतले आता तीनच आठवडे उरले होते. मॅडमनी कळवलं होतं, की शेवटच्या शुक्रवारी दुपारी चार वाजता मी हे पूर्ण मॉडेल मोठ्या साहेबांना फिरवून दाखवायचं. ते झालं नाही तर एक तारखेपासून ऑफिस. मी कॉम्प्युटरसमोर बसून मोठमोठ्याने चडफडत होते, की एवढं सगळं करून हा नेमका बिघडतो कशाने.

"कनच्या वाराला?" सासऱ्यांनी विचारलं.

कुठल्या वाराला. पानवेलीची पानं काळी पडायला लागली, की गड्याला ते पहिला प्रश्न हाच विचारायचे. कुठल्या वारापासून? आणि त्याच्या आदल्या दिवशी कुणी काय केलं होतं? मी कॅलेंडर काढलं. निळ्या पडद्यांच्या वेळा मी रागारागाने त्याच्यावर फुल्या मारून ठेवल्या होत्या. लगाम लावल्यापासूनची फुली एकच, शुक्रवारची. त्याच्या आधीही मंगळवार, बुधवार, कुठल्याही वारी फुल्या होत्या, पण लगाम लावल्यावर मात्र शुक्रवार सकाळपर्यंत ठीक आणि दुपारी बिघाड.

"शुक्रवार," मी म्हणाले.

शुक्रवारी सकाळी पावणेनऊला या कॉम्प्युटरला कोण हात लावतं, हे दोघांनाही माहीत होतं. मी तेव्हा थांबायला हवं होतं, विचार करायला हवा होता. पण मी कित्येक आठवडे वैतागलेली होते. "बाबा," मी म्हटलं, "यापुढे माझ्या बटणाला हात लावायचा नाही. अजिबात नाही. तुम्ही असं मधेच सगळं तोडता ना, त्यानेच होतं हे." बोलायला त्यांना वेळ लागतो, आणि मी तेवढा वेळ थांबले नाही.

पुढच्या शुक्रवारी पावणेनऊ वाजले तरी ते खुर्चीतून उठले नाहीत. मला वाटलं, विसरले. म्हटलं, "बाबा, लाईट जाईल." त्यांनी खिडकीबाहेर बघत मान हलवली. म्हणजे त्यांनी नुसतं माझंच नाही, सगळीच बटणं सोडून दिली होती. मी फ्रिज, टीव्ही, मिक्सर बंद केला, धावत जाऊन पंप बंद केला. दोन मिनिटं लागली. ती दोन मिनिटं मला फार लागली. कॉम्प्युटरला मी मुद्दाम हात लावला नाही. नऊला लाईट गेली, यूपीएसने पंधरा मिनिटं टीं-टीं केलं आणि मान टाकली.

एक वाजता लाईट आली. दिव्याकडे बघायला कुणी उभं राहिलं नाही. मी कॉम्प्युटर लावला, काळं पान आलं, एफ-टू दाबलं. अडीच वाजता निळं.

मी त्या निळ्या पडद्याकडे बघत बसले आणि मला हळूहळू कळलं, की आज या माणसाने कशालाही हात लावला नव्हता. तरी झालं. म्हणजे त्यांनी काहीच केलं नव्हतं, कधीच. खुर्चीकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. उठून व्हरांड्यात गेले आणि दुकानदाराला फोन लावला. भांडायला नाही. खरं तर रडायच्या बेतात होते. त्याला म्हटलं, मी आज सकाळपासून काय काय झालं ते ओळीने सांगते, तुम्ही फक्त ऐका. लाईट गेली. यूपीएस संपला. लाईट आली. मी बटण दाबलं. ते पान आलं, मी एफ-टू दाबलं, मग चालू झाला, मग...

"थांबा थांबा. कुठलं पान?"

"ते नेहमीचं हो. एफ-वन नाहीतर एफ-टू."

मग त्याने विचारलं, "नेहमीचं म्हणजे?"

"दर शुक्रवारी येतं. लाईट जाऊन आली की. त्या शनिवारी तुम्ही हात धुवायला गेलात तेव्हाही आलं होतं."

"आणि तुम्ही एफ-टू दाबता."

"हो."

"मॅडम," तो म्हणाला, आणि त्याला हसू आवरेना, "एफ-टू म्हणजे सगळं मूळ सेटिंग परत लावा आणि पुढे जा. मी लावलेला लगाम तुम्ही दर शुक्रवारी स्वतःच्या हाताने काढून टाकता!"

मग त्याने नीट सांगितलं. बोर्डवर शर्टाच्या बटणाएवढी एक बॅटरी असते. कॉम्प्युटरला बाहेरून अजिबात वीज नसेल, तेव्हा ही सेटिंग आणि घड्याळाची वेळ ती बॅटरी धरून ठेवते. रोज संध्याकाळी मी मशीन बंद करते तेव्हा भिंतीवरचं बटण चालूच असतं, त्यामुळे रोज काही बिघडत नाही. पण शुक्रवारी वीज पूर्ण तुटते. बॅटरी लॉकडाऊनच्या वेळची, केव्हाच संपलेली. मग कॉम्प्युटर सगळं विसरतो आणि उठल्यावर विचारतो, तुम्ही सेटिंग लावता की मी माझी मूळची लावू? जुना प्रोसेसर मूळ सेटिंगवर मजेत चालायचा, म्हणून वर्षभर मला पत्ता लागला नाही. "घड्याळ चुकीचं दिसत नव्हतं का?" त्याने विचारलं. दिसत होतं की. शुक्रवारी सुरू झाल्यावर मिनिटभर कोपऱ्यात कुठलीतरी जुनीपुराणी तारीख दिसायची, मग इंटरनेट आलं की दुरुस्त व्हायची. मला वाटायचं, झोपेतून उठल्यावर माणसाला तरी वार कुठे पटकन आठवतो?

जीव भांड्यात पडला म्हणतात, तो कसा पडतो ते त्या दिवशी व्हरांड्यात कळलं. पायरीवर बसले आणि एकटीच हसत राहिले. आतून काठीचा आवाज आला. दारात सासरे उभे होते, काय झालं म्हणून बघायला. "बाबा, बॅटरी संपलीय," मी म्हणाले. "एवढीशी बॅटरी. तुमचा काही संबंध नव्हता. मी उगाच बोलले तुम्हाला. चुकलं माझं." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हात हलवला, राहू दे, असा. पण चेहरा सुटला नाही. माझी समजूत घालण्यासाठी म्हणतेय, असं त्यांना वाटलं असावं.

बॅटरी आगाशीच्या बाजारात घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडे मिळाली. वजनकाट्यातही हीच असते, तो म्हणाला. शनिवारी सकाळी दुकानदार व्हिडिओ कॉलवर, मी जमिनीवर बसलेली, कॉम्प्युटर आडवा आणि सासरे डाव्या हातात त्यांच्या मोबाइलचा टॉर्च धरून. उजेड त्यांनी नेमका बॅटरीवर धरला. मी बोटाने खटका मागे सारला, जुनी बॅटरी टुणकन उडाली आणि कपाटाखाली गेली. नवी बसवली. काळं पान शेवटचं आलं, तेव्हा मी पहिल्यांदा त्या चार ओळी वाचल्या. सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं. एफ-वन दाबलं आणि दुकानदाराने पाठवलेल्या फोटोत बघून एकेक आकडा भरला.

नेमक्या पुढच्या शुक्रवारी लाईट गेलीच नाही. म्हणजे खरी परीक्षा शेवटच्या शुक्रवारवर आली, मोठ्या साहेबांना मॉडेल दाखवायच्या दिवसावर. आदल्या दिवशी नवरा फोनवर म्हणाला, उद्यापुरतं जोखीम घेऊ नकोस, शेजाऱ्यांच्या इन्व्हर्टरवर वायर टाक. शहाणपणाचं होतं ते. मी रात्री हो म्हटलं आणि सकाळी विचार बदलला.

साडेआठला मी सासऱ्यांसमोर चहा ठेवला आणि म्हटलं, "बाबा, आज शुक्रवार. बटणं बंद करायचीत ना? मला वेळ नाही." त्यांनी चहा संपवला. काठी घेतली. फ्रिज. टीव्ही. मिक्सर. पंपापर्यंत जाऊन परत यायला त्यांना पूर्वीसारखाच वेळ लागला आणि मी पूर्वीसारखीच मदतीला गेले नाही. मग ते माझ्या टेबलाशी आले, काठी भिंतीला टेकवली, डावा हात बटणावर नेला आणि थांबले. माझ्याकडे बघत राहिले. बॅटरी नीट बसली नसेल तर? कारण तिसरंच काही असेल तर?

"करा," मी म्हणाले.

त्यांनी बटण बंद केलं. मग वाकून यूपीएसचंही.

लाईट सव्वाबाराला आली. ते स्वयंपाकघरात दिव्यासमोर जाऊन उभे राहिले. मी टेबलाशी हात मांडीवर ठेवून बसून होते. पाच मिनिटं गेली असतील. "बहली," आतून आवाज आला. मी बटण दाबलं. काळं पान आलं नाही. सरळ विंडोज उघडलं आणि कोपऱ्यात शुक्रवार, बारा वाजून चोवीस मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळातही तेवढेच वाजले होते.

चार वाजता मी बारा मजले साहेबांपुढे फिरवले, तळघरापासून गच्चीपर्यंत, प्रत्येक सळी दाखवली. सव्वा तास. साहेबांनी मधे दोनदा मागे जायला लावलं, मी गेले. कुठेही अडलं नाही. शेवटी मॅडम म्हणाल्या, "घरून असंच चालू ठेव. आता मुदत वगैरे नको." मी कॅमेरा बंद केला आणि टेबलावर डोकं ठेवून थोडी रडले. आनंदानेच.

डोकं वर केलं तर सासरे खुर्चीतून पुढे झुकून माझ्याकडे बघत होते. रडणं बघून त्यांना भलतंच वाटलं होतं. मी घाईने डोळे पुसले. "झालं बाबा. नाही जायचं ऑफिसला. मी घरीच आहे."

त्यांनी डावा हात वर केला आणि स्वतःच त्याच्याकडे बघितलं. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला. या वेळी मी थांबले.

"माज्या हातान नव्हता ना बिगडत?"

तीन आठवडे ते हे घेऊन बसले होते. मी सांगितलं होतं, बॅटरीही दाखवली होती, पण आज बटण बंद करून कॉम्प्युटर नीट चालेपर्यंत त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला नव्हता. ठेवावा तरी का?

"नाही हो बाबा," मी म्हणाले. "माझ्या हाताने बिघडत होता. दर शुक्रवारी."

ते हसले. झटक्यानंतर त्यांचं हसू एकाच बाजूने येतं, पण ते आवाज होईपर्यंत हसले. मग खिडकीबाहेर मांडवाकडे बघून त्यांनी काठी उचलली.

"मंग पंप लाव," ते म्हणाले. "वेलांना पानी नाय गेला." आणि मी उठायच्या आत ते स्वतःच निघाले.